आठ बाइट जास्तीचे

लिनक्सच्या कर्नलला एक चांगली (किंवा वाईट) सवय आहे. काही पटलं नाही तर तो आरडाओरडा करत नाही. लॉगमध्ये एक ओळ टाकतो आणि गप्प बसतो. गेल्या महिन्यात एका मित्राच्या घरच्या सर्व्हरवर अशीच एक ओळ बघायला मिळाली: ‘अनसपोर्टेड सेक्टर साइझ ५२०’. बस, एवढंच.

झालं होतं असं. या मित्राने घरी एक छोटा सर्व्हर उभा केलाय, कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, चपलांच्या रॅकवर. घरच्यांचे फोटो, आईवडिलांची स्कॅन केलेली कागदपत्रं, थोडे सिनेमे. त्यासाठी त्याला ओळखीतून चार एसएसडी स्वस्तात मिळाल्या. सीलबंद पाकिटातल्या, कोऱ्या, पण कुठल्यातरी मोठ्या स्टोरेज यंत्रणेचे स्पेअर पार्ट म्हणून ठेवलेल्या. ‘सास’ जातीच्या. (मालिकांमधल्या सासूबाईंशी संबंध नाही, स्कझी नावाच्या जुन्या भाषेत बोलणाऱ्या आणि सर्व्हरमध्ये वापरल्या जाणाऱ्या ड्राइव्हची ही जात.) त्यासाठी लागणारं कार्डही त्याने घेतलं होतं. कार्डाला चारही डिस्क दिसत होत्या, मॉडेल नंबर बरोबर, तापमान बरोबर. फक्त साइझ शून्य बाइट. पार्टिशन होईना, फॉरमॅट मारता येईना. मित्राचं मत तयार होतं: फसवलं, डिस्क मेलेल्या आहेत.

डिस्क धडधाकट होत्या. भांडण फक्त आठ बाइटांचं होतं. पण हे आठ बाइट आले कुठून हे शोधायला बसलो आणि दोन वीकेंड कसे गेले कळलं नाही. त्याचीच ही गोष्ट.

सुरुवात अगदी मुळापासून करू. डिस्कवर आपण एकेक बाइट लिहीत नाही, ठरावीक मापाचे गठ्ठे लिहितो. त्या गठ्ठ्याला म्हणायचं सेक्टर. दुकानदार तूरडाळ दाणे मोजून देत नाही, तसंच. तर हे माप किती असावं? आज कुठल्याही इंजिनिअरला विचारा, ‘५१२ बाइट’ असं उत्तर येईल, आणि ‘का?’ विचारलंत तर ‘अरे, दोनाचा घात आहे ना’. हे काही पूर्ण उत्तर नव्हे. १२८ हाही दोनाचा घात आहे आणि १०२४ सुद्धा.

पहिली हार्ड डिस्क १९५६ सालची. आयबीएमच्या रॅमॅक नावाच्या संगणकाला जोडलेली, कपाटाएवढी. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि सगळ्या मिळून जागा किती, तर ५० लाख अक्षरं. आणि तिचा सेक्टर होता १०० अक्षरांचा. दोनाचा घात वगैरे काही नाही, सरळ शंभर! कारण ते यंत्र हिशेबनिसांसाठी होतं आणि हिशेबनीस दशमानात विचार करतो. पुढे १९६४ मध्ये आयबीएमचाच सिस्टिम/३६० आला. त्याच्या डिस्कवर तर ठरावीक मापाचा सेक्टरच नव्हता. प्रोग्रॅम सांगेल तेवढ्या लांबीची नोंद, तिच्या आधी तिची लांबी आणि हवी तर तिची किल्ली. म्हणजे डिस्क कशी आखायची हे प्रत्येक प्रोग्रॅमने आपापलं ठरवायचं. कल्पना लवचीक, पण पुढच्या पिढ्यांनी तिच्यापायी बराच घाम गाळला. बँकांमधले मेनफ्रेम आजही अशाच डिस्क समोर आहेत असं समजून चालतात. खाली असतात साध्या ठरावीक मापाच्या डिस्क, मध्ये एक थर नाटक करत बसलेला असतो. (हे ‘मध्ये बसून नाटक करणं’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.)

१९७३ मध्ये आयबीएमच्या ३७४० या डेटा एंट्रीच्या यंत्रासोबत आठ इंची फ्लॉपी आली. तिचा सेक्टर १२८ बाइटांचा. ७७ ट्रॅक, ट्रॅकवर २६ सेक्टर. सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम या फ्लॉपीवर वाढली, म्हणून तिच्या अंगात १२८ चा आकडा शेवटपर्यंत राहिला.

मग ५१२? त्यासाठी डेक या कंपनीच्या पीडीपी-११ कडे जावं लागतं. त्या यंत्राचा शब्द १६ बिटांचा, म्हणजे दोन बाइटांचा. तिथल्या आरके०५ या डिस्कवर सेक्टर होता २५६ शब्दांचा. २५६ गुणिले दोन, ५१२. युनिक्स याच पीडीपी-११ वर लहानाचं मोठं झालं, त्यामुळे युनिक्सचा ब्लॉकही ५१२ बाइटांचा. १९७७ मध्ये डेकचाच व्हॅक्स आला, त्याच्या मेमरीचं पान ५१२ बाइटांचं. आयबीएमने १९७९ मध्ये ठरावीक मापाच्या डिस्क काढल्या, त्यांचा ब्लॉकही ५१२. म्हणजे १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएम पीसी बाजारात आला तेव्हा हवेतच ५१२ होतं. पीसीची पहिली फ्लॉपी: ४० ट्रॅक, प्रत्येकावर ८ सेक्टर, सेक्टर ५१२ चा. करा गुणाकार, १६० केबी. आणि १९८३ च्या पीसी एक्सटीमधली ‘प्रचंड’ १० एमबीची हार्ड डिस्क: ३०६ सिलिंडर, ४ हेड, १७ सेक्टर, पुन्हा ५१२. उत्तर येतं १,०६,५३,६९६ बाइट.

एकदा पीसीने स्वीकारलं की विषय संपला. अमुक एक माप कुणी सिद्ध केलं, समितीने तपासलं, असं काही झालेलं नाही. एका लोकप्रिय यंत्राचा शब्द १६ बिटांचा होता आणि कुणालातरी २५६ शब्द सोयीचे वाटले, एवढंच.

याच्या खुणा अजून कुठे कुठे सापडतात बघा. युनिक्सच्या प्रमाणभाषेत, म्हणजे पॉझिक्समध्ये, ‘डीयू’ आणि ‘डीएफ’ या कमांडने जागा ५१२ बाइटांच्या ब्लॉकमध्ये मोजायची असा नियम झाला. जीएनयूवाल्या रिचर्ड स्टॉलमनला हे अजिबात पटलं नाही, माणसाला १०२४ चा हिशेब सोपा जातो असं त्याचं म्हणणं. मग तोडगा निघाला: एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावला तरच ५१२, नाहीतर १०२४. त्या व्हेरिएबलचं आजचं नाव ‘पॉझिक्सली करेक्ट’. त्याआधीचं नाव जरा वाह्यात होतं, इथे लिहीत नाही. :)

आता ‘फॉरमॅट’ या शब्दाबद्दल. आपण फॉरमॅट मारतो म्हणजे नक्की काय करतो? विंडोजमध्ये राइट क्लिक करून जे होतं ते म्हणजे कोऱ्या वहीला अनुक्रमणिकेचं पान जोडणं. वहीवर रेघा आधीच आखलेल्या असतात. पण एक्सटीच्या जमान्यात त्या रेघासुद्धा घरीच आखाव्या लागत. डॉसमध्ये ‘डीबग’ चालू करायचं, ‘जी=सी८००:५’ असा मंत्र टाकायचा, आणि कंट्रोलर कार्डावरचा प्रोग्रॅम चालू व्हायचा. तो विचारायचा सिलिंडर किती, हेड किती, एक सेक्टर झाल्यावर किती सेक्टर सोडून पुढचा नंबर टाकायचा. कारण डिस्क फिरायची भरभर आणि कार्ड बिचारं हळू, एका सेक्टरचं काम उरकेपर्यंत पुढचे दोन-चार निघून जायचे. हा लो लेव्हल फॉरमॅट. हे सगळं माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं, पण जुन्या हार्डवेअरवाल्यांना तो मंत्र अजून पाठ असतो, पाढ्यांसारखा.

१९८६ च्या सुमारास आयडीई डिस्क आल्या. कंट्रोलर डिस्कच्या पोटातच बसला आणि रेघा कारखान्यातच आखल्या जाऊ लागल्या. पुढे डोक्याला जागा दाखवणाऱ्या खुणाही त्याच तबकडीवर कायमच्या कोरल्या गेल्या, त्यामुळे घरी नव्याने आखणं शक्यच उरलं नाही. त्या खुणा गेल्या की डिस्कला स्वतःचीच वाट सापडत नाही. पीसीवाल्यांच्या जगात लो लेव्हल फॉरमॅट हा विषय असा संपला आणि आमच्या पिढीला फॉरमॅट म्हणजे फक्त अनुक्रमणिका असंच वाटू लागलं.

पण स्कझीच्या जगात तसं झालं नाही. तिथे ‘फॉरमॅट युनिट’ ही कमांड राहिली, आजही आहे, कमांड नंबर ०४. आणि तिच्या आधी डिस्कला सांगता येतं की ब्लॉक किती बाइटांचा हवा. ही सोय हौसेखातर नव्हती. स्कझी हे कुठल्याही संगणकाला काहीही जोडण्यासाठी होतं, आणि प्रत्येक संगणकाचं माप वेगळं. आपल्या मित्राच्या चपलांच्या रॅकवर जे अडलं ते या जुन्या मोकळीकीमुळे.

आता त्या आठ बाइटांकडे येऊ. १९८८ च्या जूनमध्ये आयबीएमने एएस/४०० जाहीर केला. बँका, कारखाने, गोदामं यांचा लाडका संगणक. त्याचा पूर्वज १९७८ मध्ये जाहीर झालेला सिस्टिम/३८. या घराण्याची एक खासियत फार कमी जणांना माहीत असते, ती म्हणजे तिथे मेमरी आणि डिस्क असा भेदच नाही. सगळं मिळून एकच भलामोठा पत्ता-प्रदेश. फाइल उघडा, वाचा, मेमरीत आणा हा प्रकारच नाही. प्रत्येक वस्तूला कायमचा एक पत्ता आणि पत्ता हातात असला की वस्तू हातात.

कल्पना देखणी आहे, पण मग सुरक्षेचं काय? उद्या कुणी नुसते आकडे जुळवून स्वतःच एक पत्ता बनवला तर तो दुसऱ्याच्या पगाराच्या फाइलमध्ये शिरेल. म्हणून त्यांनी युक्ती केली. पॉइंटर १६ बाइटांचा, आणि प्रत्येक १६ बाइटांमागे मेमरीत एक चोरबिट. ऑपरेटिंग सिस्टिमने बनवलेला खरा पॉइंटर असेल तर तो बिट चालू. साध्या प्रोग्रॅमने त्या बाइटांना नुसता हात लावला तरी बिट बंद आणि पॉइंटर बाद. सहीशिक्क्यासारखं. झेरॉक्सवर शिक्का उमटत नाही.

हे पान डिस्कवर गेलं की मात्र पंचाईत. ५१२ बाइटांत १६ बाइटांच्या ३२ जागा, म्हणजे ३२ चोरबिट. ते ठेवायचे कुठे? ५१२ तर डेटाने भरलेत. म्हणून डिस्कच ५२० बाइटांची आखली. ५१२ डेटाचे आणि आठ बाइट या बिटांसाठी आणि यंत्रणेच्या इतर नोंदींसाठी. मला ही युक्ती मनापासून आवडते. डेटाच्या पोटात लपवाछपवी न करता सरळ वहीचा समास रुंद केला.

हाच रुंद समास पुढे दुसऱ्याच लोकांना वेगळ्याच कामासाठी हवा झाला. नेटअ‍ॅप, ईएमसीसारख्या कंपन्या शेकडो डिस्कची कपाटं विकायच्या. एवढ्या डिस्क एकत्र नांदायला लागल्या की एक अप्रिय गोष्ट दिसायला लागते: डिस्क कधीकधी खोटं बोलते. खराब झालेला सेक्टर ही वेगळी गोष्ट, तिथे डिस्क स्वतःच हात वर करते, ‘वाचता येत नाही’ म्हणते. हे त्याहून वाईट. लिहायला सांगितलं, डिस्क ‘लिहिलं’ म्हणाली आणि प्रत्यक्षात लिहिलंच नाही. किंवा लिहिलं, पण भलत्याच जागी.

यात डिस्कचं स्वतःचं एरर करेक्शन काही करू शकत नाही. असं समजा, पोस्टमनने पत्र शेजारच्या बिल्डिंगमध्ये टाकलं. पाकीट शाबूत, अक्षर सुवाच्य, कुठेही फाटलेलं नाही. पाकीट तपासणारा म्हणेल सगळं ठीक. चूक कळायची असेल तर पत्राच्या आत ‘हे पत्र अमक्या पत्त्यासाठी’ असं लिहिलेलं हवं. ते लिहायची जागा म्हणजे हे आठ बाइट. नेटअ‍ॅप चार केबीचा ब्लॉक वापरायचं, म्हणजे ५२० चे आठ सेक्टर. आठ गुणिले आठ, ६४ बाइट हातात. त्यात चेकसम आणि त्या ब्लॉकची ओळख. स्वस्तातल्या साटा डिस्कवर ५२० आखता येत नसे, तिथे त्यांनी दर आठ सेक्टरनंतर एक नववा सेक्टर फक्त या ६४ बाइटांसाठी खर्च केला. नवव्या हिश्शाची जागा केवळ अविश्वासापोटी गेली!

हा अविश्वास अनाठायी होता का? याचं उत्तर २००७-०८ मध्ये आकड्यांत मिळालं. २००७ मध्ये सर्नने (जिनिव्हाजवळची कणांची टक्कर लावणारी प्रयोगशाळा) आपल्या ३००० मशीनवर एक साधा प्रोग्रॅम सोडला. दर दोन तासांनी एक मोठी ठरावीक नमुन्याची फाइल लिहायची, परत वाचायची, ताडून बघायची. पाच आठवड्यांत १०० मशीनवर ५०० चुका. प्रत्येक वेळी यंत्रणेचं म्हणणं ‘सगळं ठीक’. आणि २००८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठ, टोरांटो विद्यापीठ आणि नेटअ‍ॅप यांच्या संशोधकांनी ४१ महिन्यांचा अभ्यास छापला. १५ लाख ३० हजार डिस्क, आणि चेकसम न जुळल्याच्या ४ लाखांहून जास्त घटना. स्वस्त साटा डिस्कचं प्रमाण महागड्या डिस्कच्या साधारण दहापट. हा अभ्यास होऊ शकला तोच मुळात त्या आठ-आठ बाइटांमुळे. ते नसते तर त्या चार लाख घटना घडल्या असत्या, पण कुणाला कळल्या नसत्या. तुमच्या-माझ्या घरच्या डिस्कवर घडतात तशाच.

दरम्यान प्रत्येक कंपनी आठ बाइटांत आपापली खिचडी शिजवत होती. २००३ च्या सुमारास स्कझीच्या समितीपुढे याचं प्रमाणीकरण आलं. दोन बाइट डेटाचा सीआरसी, दोन बाइट प्रोग्रॅमला काय हवं ते लिहायला, चार बाइट पत्ता. पाकिटाच्या आतला पत्ता, तोच. फायदा असा की आता डिस्क स्वतःच हे तपासू शकते आणि वाटेतलं कार्डही. लिनक्समध्ये याची सोय २००८ च्या २.६.२७ या आवृत्तीत आली.

इथपर्यंत सगळं फिरत्या तबकड्यांबद्दल झालं. एसएसडीत तर तबकडी नाही, ट्रॅक नाही, सेक्टर नाही! मग ५२० कशाला?

फ्लॅश मेमरीचा जनक फुजिओ मासुओका, कंपनी तोशिबा. फ्लॅश १९८४ मध्ये जगापुढे मांडली गेली, आणि आज आपण वापरतो ती नँड फ्लॅश १९८७ मध्ये. या चिपमध्ये लिहिण्याचं माप वेगळं (पान) आणि पुसण्याचं माप वेगळं (ब्लॉक, म्हणजे कित्येक पानं एकदम). पाटीवरचं एक अक्षर पुसून दुसरं लिहायचं असेल तर अख्खी पाटी पुसावी लागते, असा प्रकार. १९९१ मध्ये सनडिस्कने (पुढे हीच सॅनडिस्क) २० एमबीचा फ्लॅश ड्राइव्ह काढला, किंमत १००० डॉलरच्या आसपास. तिथली खरी करामत चिपपेक्षा चिपच्या पुढ्यात बसलेल्या कंट्रोलरची. तो संगणकाला सांगायचा, ‘मी हार्ड डिस्कच आहे हो, ५१२ चे सेक्टर आहेत माझ्याकडे’, आणि आत भलत्याच ठिकाणी लिहून कुठे काय लिहिलं याचा तक्ता सांभाळायचा. मध्ये बसून नाटक करणं म्हटलं होतं ना, ते हे. आजची प्रत्येक एसएसडी हेच करते.

आणि आणखी एक गंमत. सुरुवातीच्या नँड चिपचं पान होतं ५२८ बाइटांचं: ५१२ डेटाचे आणि १६ जास्तीचे, एरर करेक्शनसाठी. म्हणजे फ्लॅशचा जन्मच समास सोडून झालाय. पुढे पानं मोठी झाली तसा समासही मोठा झाला.

मोठ्या कपाटांमधल्या फिरत्या डिस्क जाऊन एसएसडी आल्या तेव्हा कपाटाचं सॉफ्टवेअर तेच राहिलं. त्याला ५२० हवे, म्हणून एसएसडीच्या फर्मवेअरला ५२० चं नाटक शिकवलं. आतल्या चिपला काही फरक पडत नाही. पण अशी एसएसडी कपाटातून निघून चपलांच्या रॅकवर आली की लिनक्स विचारतो, ‘तुझा सेक्टर केवढा?’ ती प्रामाणिकपणे म्हणते ५२०. लिनक्सला ५१२, १०२४, २०४८, ४०९६ चालतात. ५२० म्हटलं की तो लॉगमध्ये ती एक ओळ टाकतो आणि साइझ शून्य करून मोकळा होतो. चांगल्या चालणाऱ्या डिस्क या एका शून्यामुळे भंगारात गेलेल्या मी स्वतः पाहिल्यात. चीड येते.

मध्ये ४०९६ चा उल्लेख झाला, त्याचाही इतिहास मोठा आहे, पण थोडक्यात सांगतो. ५१२ च्या प्रत्येक सेक्टरमागे साधारण ५० बाइट एरर करेक्शनचे जायचे. आठ सेक्टर एकत्र करून ४०९६ चा एक केला तर १०० मध्ये काम भागतं आणि चुकाही जास्त दुरुस्त होतात. म्हणून जानेवारी २०११ पासून सगळ्या डिस्क कंपन्या नव्या मॉडेलमध्ये ४०९६ वर आल्या. आणि जुन्या विंडोजला धक्का नको म्हणून वर पुन्हा ५१२ चा मुखवटा! विंडोज एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करायचं, आणि ६३ ला आठने भाग जात नाही, त्यामुळे एका लिखाणासाठी दोन सेक्टर वाचून परत लिहावे लागायचे. त्या काळात ‘नवीन डिस्क जुन्यापेक्षा हळू’ अशा तक्रारींनी जाल भरून गेलं होतं.

आता कामाचं. ५२० ची एसएसडी ५१२ वर आणायची कशी? त्याच जुन्या ०४ नंबरच्या कमांडने. लिनक्सवर डग्लस गिल्बर्ट यांनी लिहिलेला एसजी३_यूटिल्स हा संच आहे. त्यातल्या ‘एसजी_रीडकॅप’ने आधी ब्लॉक किती बाइटांचा आहे ते बघायचं. मग ‘एसजी_फॉरमॅट’ला साइझ ५१२ सांगून फॉरमॅट करायला लावायचं. वर सांगितलेलं प्रमाणित संरक्षण चालू असेल तर ते बंद करायचा पर्यायही त्याच कमांडला द्यायचा (‘एफएमटीपीइन्फो’ शून्य). नाहीतर सेक्टर ५१२ चा दिसतो आणि तरीही काही कार्डं वाचायला नकार देतात. फिरत्या डिस्कला यात कित्येक तास लागतात, कारण ती खरंच सगळीकडे जाऊन येते. एसएसडीला बहुधा काही मिनिटं, कारण तिला तक्ता नवा करायचा असतो.

हे मधेच बंद पडू देऊ नका. अर्धवट फॉरमॅट झालेली डिस्क ‘फॉरमॅट बिघडलाय’ एवढंच म्हणत राहते आणि पहिल्यापासून पुन्हा करेपर्यंत ऐकत नाही. पुण्यात असाल तर गुरुवार टाळा, लाइट कधी जाईल सांगता येत नाही. अर्थात यूपीएस असेल तर प्रश्न नाही. डिस्कवरचा सगळा डेटा जातो हे वेगळं सांगायला नको. आणि कार्ड रेड करणारं असेल तर ते या कमांड डिस्कपर्यंत पोचूच देत नाही. साधं पोस्टमनचं काम करणारं कार्ड, किंवा त्याच कार्डाचं तसं फर्मवेअर लागतं.

काही डिस्क एवढं करूनही हटत नाहीत. एक शक्यता म्हणजे स्वतःच एन्क्रिप्शन करणारी डिस्क, जिची किल्ली जुन्या कपाटाकडेच राहिली. अशा बऱ्याच डिस्कच्या लेबलवर एक लांबलचक पीएसआयडी छापलेला असतो. तो टाकून ती मूळ स्थितीत आणता येते, डेटा अर्थातच जातो. दुसरी शक्यता म्हणजे फर्मवेअरलाच ५१२ मंजूर नाही. तिथे हात टेकायचे. मित्राच्या चारही डिस्कनी मात्र निमूटपणे ऐकलं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो यानंतरचा प्रश्न, आणि जालावर हे उपाय सांगणारे लोक त्याबद्दल सहसा बोलत नाहीत. ते आठ बाइट काढून टाकले, तर त्यांचं काम आता कोण करणार? ते काही शोभेला नव्हते. चार लाख चुका पकडून दाखवणारी जागा होती ती. मित्र त्यावर ईएक्सटी४ टाकायला निघाला होता. ईएक्सटी४ आपल्या नोंदवहीचा चेकसम ठेवते (२०१२ पासून तशी सोय आहे), पण फाइलच्या आतल्या डेटाचा नाही. म्हणजे आईच्या फोटोतला एक ब्लॉक भलत्याच जागी लिहिला गेला तर कुणालाही कळणार नाही. आणि बॅकअपमध्येही तोच बिघडलेला फोटो इमानेइतबारे जाऊन बसेल.

म्हणून मी झेडएफएसचा हट्ट धरला. जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आहरेन्स यांनी सनमध्ये २००१ साली हे काम सुरू केलं आणि २००५ मध्ये ते ओपनसोलारिसमध्ये आलं. त्यांनी समास रुंद करण्याऐवजी वेगळाच मार्ग काढला. प्रत्येक ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉकजवळ ठेवायचाच नाही. त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवायचा. पाकिटात काय आहे याची नोंद पाकिटात नाही, पाठवणाऱ्याच्या आवक-जावक रजिस्टरमध्ये. मग पत्र हरवलं, चुकीच्या घरी गेलं किंवा जुनंच पत्र परत आलं, तिन्ही पकडली जातात. शेवटचा प्रकार तर आठ बाइटांच्या प्रमाणित पद्धतीलाही पकडता येत नाही, कारण जुन्या पत्रावरही सीआरसी आणि पत्ता दोन्ही बरोबरच असतात. बीटीआरएफएसही डेटाचे चेकसम ठेवते. त्यासाठी साधा ५१२ किंवा ४०९६ चा सेक्टर पुरतो. डिस्क दोन किंवा जास्त हव्यात, म्हणजे चूक सापडल्यावर दुसरीकडून खरा डेटा आणता येतो. एकाच डिस्कवर चूक कळते, दुरुस्त होत नाही.

सास जातीचा वापर घटतोय आणि एनव्हीएमई सगळीकडे आलंय, तेव्हा ही भानगड संपली असं समजू नका. एनव्हीएमईची पहिली आवृत्ती २०११ ची, आणि तिथे तर डिस्क स्वतःच यादी देते: मला अमुक अमुक मापं जमतात. घरगुती एसएसडीच्या यादीत ५१२ आणि कधीकधी ४०९६ असतात. मोठ्या सर्व्हरमधल्या काही एसएसडीच्या यादीत ५१२ अधिक ८, ४०९६ अधिक ८, ४०९६ अधिक ६४ असेही सापडतात. तेच आठ बाइट, तोच आठ गुणिले आठ. यातलं लिनक्सला न पेलणारं माप निवडलेलं असेल तर पुन्हा साइझ शून्य. कमांड तेवढी वेगळी, ‘एनव्हीएमई फॉरमॅट’, आणि तिला बाइट सांगायचे नसतात, यादीतला नंबर सांगायचा असतो.